शिक्का माझ्याकडे होता

योंगदो, बुसान
११ मार्च २००३

मिरानचे बाबा,

मोंतेविदेओहून टाकलेलं तुमचं पत्र काल कंपनीच्या ऑफिसातून घेऊन आले. दोन पानं. एक पानभर माकूळ किती लागतोय त्याचा हिशेब, अर्ध्या पानात कॅप्टनचा स्वभाव, आणि माझ्या वाट्याला शेवटची ओळ: "शिक्का नीट ठेवला आहेस ना?" ठेवला आहे. तांदळाच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, तुम्ही ठेवून गेलात तसाच. त्याला काय पाय फुटणार आहेत?

दर पत्रात शिक्क्याची चौकशी कशाला करता ते कळत नाही. या गल्लीत समुद्रावर गेलेल्या प्रत्येक नवऱ्याचा शिक्का बायकोकडेच असतो. तुम्ही तिकडे पाण्यात, आणि घरमालकाचा करार, मिरानच्या कॉलेजचे अर्ज, विम्याचे कागद इकडे. सहीच्या जागी शिक्का उठवणार कोण, मासे? वॉर्ड ऑफिसातली बाई तर मला बघितलं की न विचारताच मुखत्यारपत्राचा कोरा फॉर्म पुढे करते. वीस वर्षं तुमच्या नावाने मीच जगते आहे म्हणा ना.

इकडे सगळं ठीक आहे. मिरानची परीक्षा झाली. छतावरचे किमचीचे बुधले संपत आले. थेसिक नवीन वर्षाला येऊन गेला. पेअरची पेटी आणली होती, एवढी महाग कशाला आणलीस म्हणून मी ओरडले. त्याचं मोबाइलचं दुकान छान चाललं आहे. तुम्ही त्याला 'तुझा लाडोबा' म्हणता, म्हणा, पण आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी तेराची. पाठीला बांधून शाळेत नेलेलं पोर ते, त्याचे लाड मी नाही करणार तर कोण करणार? आता मार्गाला लागला आहे.

एक सहज विचारते. तुमचा पगार ऑफिसातून बँकेत येतो, त्यात मधल्यामध्ये कुणाला हात घालता येतो का? म्हणजे कुणाचा कागद आला तर ऑफिस तुम्हाला आधी विचारतं की परस्पर कापतं? मच्छीबाजारात बायकांची चर्चा चालली होती, म्हणून विचारलं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण दिलंत तर बरं.

कंबरेचा पट्टा झोपताना काढत जा. डिसेंबरमध्ये करार संपतो आणि हा शेवटचा फेरा आहे, हे तुम्ही म्हणाला होतात, मी नव्हे. डेप्योंगच्या गोदीशेजारचा तो गाळा अजून रिकामाच आहे. जाता-येता बघते. इंजिन दुरुस्तीची पाटी कुठे लावायची तेही मी मनात ठरवून ठेवलं आहे.

मिरानची आई


२९ एप्रिल २००३

मिरानचे बाबा,

अक्षराला हसू नका. हाताला तव्याचा चटका बसला आहे, उजव्याच. लिहिताना बोटं थरथरतात. काळजीचं काही नाही.

आपला फोन बिघडला आहे. ऑफिसने जहाजावरून फोन जोडून दिला आणि कुणी उचलला नाही, तर घाबरू नका. दुरुस्तीवाला येतो म्हणतो आणि येत नाही. खरं तर फोन नाही तेच बरं वाटतं, घर कसं शांत असतं.

थेसिकचं दुकान सध्या बंद आहे. रंगरंगोटी चालली आहे.

आज तुम्हाला एक हकिगत सांगायची आहे. तुम्ही ओळखत नाही अशी एक बाई आहे, सोंगदोला राहते. तिचाही नवरा जहाजावर असतो. तिच्या भावाकडे सात क्रेडिट कार्डं. मागे कंपन्यांची माणसं भुयारी स्टेशनाच्या तोंडाशी टेबलं मांडून येईल-जाईल त्याला कार्डं वाटत होती, वर छत्री फुकट, त्यातली ती. एका कार्डाचा हप्ता दुसऱ्याने भरायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने. असं दोन वर्षं चाललं, मग एके दिवशी थांबलं. कार्ड कंपनीने त्याला सांगितलं, सगळ्यांचं मिळून एक कर्ज करून देतो, पण हमी द्यायला पगारदार माणूस आण. भावाकडे पगारदार कोण? बहिणीचा नवरा. तो तर समुद्रात. पण शिक्का घरात.

त्या बाईने नवऱ्याला न विचारता त्याचा शिक्का उठवला.

आता ती म्हणते, मी काय चोरी केली का, एरवी सगळ्या कागदांवर मीच उठवते की. तुम्ही सांगा, तिच्या नवऱ्याच्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? मला तिला सांगायचं आहे, ती रोज विचारते.

कुणी तुमच्या ऑफिसात माझ्याबद्दल चौकशी केली तर लक्ष देऊ नका.

मिरानची आई


२० जून २००३

मिरानचे बाबा,

तुमचं उत्तर आलं. एवढ्या मोठ्या हकिगतीला एकच ओळ: "त्या बाईला म्हणावं, नवऱ्याला लवकर सांग, बाहेरून कळायच्या आत." ते वाचून मी पायरीवरच बसले. तुम्हाला कळलं आहे. सोंगदोला अशी कुणी बाई नाही. ती बाई मी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मार्चच्या पत्रात मी पगाराचं विचारलं, तेव्हाच तुम्ही ओळखलं असणार. आता सगळं लिहिते, आणि यातलं काही चटक्यासारखं खोटं नाही. चटका बसलाच नव्हता. त्याचं पुढे लिहिते.

पेअरची पेटी घेऊन थेसिक आला, त्याच दिवशीची गोष्ट. जेवण झालं, भांडी मी धुवायला घेतली, आणि मागे वळून बघते तर हा स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसलेला. चौतीस वर्षांचा माणूस. मी म्हटलं, ऊठ, मिरान येईल. उठेना. मी नाही म्हणाले. देवाशपथ, तीनदा नाही म्हणाले. तुम्ही बंदरावर मला काय सांगून गेलात तेही त्याला ऐकवलं: कुणी रडत आला तरी शिक्का बाहेर काढायचा नाही. तर तो म्हणाला, "ताई, आईने मला तुझ्याकडे टाकलं तेव्हा हमी कुणाकडे मागितली होतीस?"

मी हात पुसले आणि तांदळाचा डबा पुढे ओढला. 

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात गेले. बाईने नेहमीसारखा फॉर्म पुढे केला, शिक्का तुमचाच असल्याचा दाखला काढून दिला, वर तुमच्या तब्येतीची चौकशी केली. पाच मिनिटांचं काम. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. कुणी एकानेही अडवलं नाही, हे मला अजून डाचतं.

आणि यापुढचं लिहायला लाज वाटते. कार्ड कंपनी हमीदाराला घरी फोन करून खात्री करते. थेसिक त्यासाठी सकाळपासून आपल्याकडे येऊन बसला होता. फोन वाजला, आणि त्याने तुमचा आवाज काढला. तो घसा खाकरणं, ते "हां, मानबोक बोलतोय," ते प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबणं. "मेव्हण्यासाठीच. हो, मुलगाच समजा आमचा," असंही म्हणाला. आणि मला हसू आलं. तोंडात पदर नव्हता तर भांड्याचं फडकं कोंबून हसले. तीन महिने तुमचा आवाज ऐकला नव्हता, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून बोलत होता. तुमच्या नावावर दोन कोटी ऐंशी लाख वॉनचं ओझं चढत होतं आणि मी हसत होते.

थेसिकने दोन हप्ते भरले. मग दुकानाचं शटर खाली. रंगरंगोटी वगैरे काही नाही. त्याचा फोन लागत नाही, घर रिकामं, घरमालकही त्याला शोधतो आहे.

त्यानंतर फोन माझ्याकडे यायला लागले. सकाळी सातला पहिला. "छा मानबोक साहेबांना द्या." नाहीत म्हटलं की, "कधी येतील?" डिसेंबरमध्ये म्हटलं की त्यांना चेष्टा वाटते. शेवटी मीच तार उपटली.

हाताचं सांगते. एप्रिलपासून मी डेप्योंगच्या गोदीत जाते. दुरुस्तीला आलेल्या जहाजांचा गंज झाडायचा. बाहेरून फळीवर बसायचं आणि दिवसभर हातोडा मारायचा, कांग-कांग, कांग-कांग. संध्याकाळी हातोडा ठेवला तरी हात मारतच राहतो, त्यामुळे हे अक्षर. कानांना थोडे दडे बसल्यासारखं झालं आहे. मिरानला सांगितलं आहे की रोपं विकणाऱ्या बाईकडे मदतीला जाते. तिला खरं वाटलेलं नाही, पण तिने विचारलंही नाही.

आता महत्त्वाचं. मी कोर्टाजवळच्या मोफत सल्ला केंद्रात जाऊन आले. तिथल्या वकीलबाई वयाने मिरानपेक्षा थोड्याच मोठ्या, पण नीट समजावतात. त्या म्हणाल्या, यातून तुम्ही सुटू शकता. ज्याच्या नावाचा शिक्का आहे त्याने एवढंच लिहून द्यायचं: मी उठवला नाही, मला माहीत नव्हतं, फोनवर मी नव्हतो. तुम्ही समुद्रात होतात हे ऑफिसच लिहून देईल. हमी रद्द, तुमच्या पगाराला कुणी हात लावू शकत नाही. मी म्हटलं, मग तर झालंच. त्या म्हणाल्या, नाही, मग प्रश्न येतो की उठवला कुणी. खोट्या कागदाचा गुन्हा माझ्यावर आणि थेसिकवर. माझं पहिल्यांदाच आहे, बहुतेक दंडावर भागेल. तो आवाज काढून बोलला आणि वर पळाला, त्याला आत जावं लागेल.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगू?

तुम्हीच ठरवा. मी ठरवायला गेले की काय होतं ते आपण पाहिलंच आहे. तुम्ही 'मी नव्हतो' असं लिहिलंत तरी मी एक शब्द बोलणार नाही. ते खरंच आहे. फक्त लवकर लिहा.

दोषी,
मिरानची आई


१४ सप्टेंबर २००३

मिरानचे बाबा,

तीन महिने झाले. ऑफिसात दर सोमवारी जाते. मॅनेजर सोक मला बघून लांबूनच मान हलवतो. माल उतरवून घेणारं जहाज जुलैत तुम्हाला भेटलं, त्याच्याबरोबर सगळ्यांची पत्रं आली. बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या बायकोला चार पानं आली, तिने मला वाचून दाखवली. तुमचं नाही. तुम्ही आजारी असतात तर त्याने लिहिलं असतं, म्हणजे तुम्ही बरे आहात आणि लिहीत नाही. याचा अर्थ काय लावायचा ते मी गंज झाडताना रोज नव्याने लावते.

गुरुवारी छुसॉकचा सण झाला आणि काल पहाटेपर्यंत वादळ. आपलं छप्पर राहिलं, छतावरचे तीन बुधले फुटले. बंदरातल्या एवढाल्या क्रेन आडव्या झाल्या आहेत. आम्ही दोघी ठीक आहोत.

पितरांचं ताट मांडलं. तुमच्या वडिलांसमोर मिरानने वाकून नमस्कार केला, मी मागे उभी राहिले. त्यांच्या मुलाच्या नावाचं मी काय केलं ते त्यांना ठाऊक असेल, असं सारखं वाटत होतं. मासा जरा करपला.

ताट मांडायच्या आदल्या दिवशी वसुलीचा माणूस आला होता. कू त्याचं नाव. पन्नाशीचा, टाय लावलेला, चपला दाराबाहेर सरळ जोडून ठेवून आत येतो. आरडाओरडा करत नाही. मी धिरडी तळत होते, दारात आलेल्याला सणाच्या दिवसांत हाकलता येत नाही, म्हणून एक ताटली पुढे केली. त्याने सगळं खाल्लं. मग म्हणाला की तो पूर्वी बँकेत होता. पाच वर्षांपूर्वी सगळीकडे माणसं काढली त्यात त्यालाही काढलं, आणि आता हे करतो. मला त्याची दया येत होती आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. जाताना त्याने शांतपणे सांगितलं: ऑक्टोबरमध्ये कोर्टाचा हुकूम तुमच्या कंपनीला जाईल. अर्धा पगार दर महिन्याला थांबेल, आणि फेरा संपल्यावर मिळणारा हिस्सासुद्धा. मग म्हणाला, "काकू, शिक्का साहेबांनी उठवलेला नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. या योंगदो बेटावर एकही खलाशी स्वतः शिक्का उठवत नाही. पण ते मी बोलायचं नाही, त्यांनी बोलायचं."

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुम्ही बोलत नाही.

थेसिकचा फोन आला होता. घरी नाही, गोदीतल्या चहाच्या टपरीवर. मी तिथे आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. वान्दोकडे कुठेतरी समुद्रशेवाळाच्या शेतीवर कामाला आहे, मालकाकडेच राहतो. आधी नुसता रडला. मी म्हटलं, रडायला पैसे पडताहेत, बोल. तर म्हणाला, "ताई, मी पोलिसांत जातो. शिक्का चोरला म्हणून सांगतो. तू फक्त हो म्हण."

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ते फार बरं वाटलं. तुम्ही सुटलात, मीही सुटले, आणि तो स्वतःहून म्हणतो आहे. मग मी म्हटलं, "तू चोरला नाहीस. मी तुला काढून दिला. डब्यातून तांदूळ सांडले ते तूच गोळा केलेस."  मागे हातोडे चालले होते, त्यालाही ऐकू गेले असतील. शेवटी विचारलं, जेवतोस का? हो म्हणाला. दर महिन्याला थोडे पाठवीन असंही म्हणाला. गेल्या आठवड्यात खरंच आले, थोडेच.

मी त्याच्यावर चिडायला बसते आणि तो दोन वर्षांचा दिसायला लागतो. हाच माझा रोग आहे.

तुम्हाला राग आला असेल तर शिव्या लिहा. तुमच्या शिव्या मला पाठ आहेत, नुसता नंबर लिहिलात तरी कळेल. पण काहीतरी लिहा. 'मी उठवला नाही' असं लिहायचं असेल तर ते वकीलबाईंच्या पत्त्यावर लिहा. पाकीट आत ठेवलं आहे, पत्ता माझ्या हातचा आहे.

मिरानची आई


२ नोव्हेंबर २००३

मिरानचे बाबा,

काल सोकने माणूस पाठवून बोलावून घेतलं. मी कामाच्या कपड्यांतच गेले, गंजाने लाल झालेली. त्याने तुमचं पत्र दिलं आणि वाचेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसला. म्हणजे त्याला आत काय आहे ते ठाऊक होतं.

तुम्ही लिहिलंत ते मी परत इथे उतरवते, तुम्हालाही एकदा वाचायला मिळू दे:

"ऑफिसने रेडिओवरून विचारलं. मी सांगितलं, शिक्का माझा, मीच उठवायला सांगितला होता. थेसिक गेल्या शरदात आधी माझ्याकडे आला होता. मी नाही म्हणालो. तो तुझ्याकडे जाईल हे मला ठाऊक होतं, आणि तुला नाही म्हणता येणार नाही हेही. तरी शिक्का तुझ्याजवळच ठेवून गेलो. दुसऱ्या कुणाकडे ठेवला असता तर बायकोवर विश्वास नाही म्हणून तुझी मान खाली गेली असती. तेव्हा हे माझंच आहे. आणखी दोन वर्षं राहतो, त्यात फिटेल. सोक कागद देईल, त्यावर शिक्का मार. कुणाजवळ काही बोलू नकोस."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. तुम्हाला ठाऊक होतं? तुम्ही बंदरावर उभे राहून मला 'कुणी रडत आला तरी' म्हणालात, तेव्हा तो रडून गेला होता? मला एका शब्दाने सांगितलं असतंत, 'दोकिम, तो माझ्याकडे येऊन गेला आहे, आता तुझ्याकडे येईल,' तर मी दाराला कडी लावून बसले असते. कदाचित नसते बसले. पण मला सांगायला हवं होतं. तुम्ही माझी मान जपलीत आणि मला आंधळं ठेवलंत. मी तुम्हाला विचारलं नाही, तुम्ही मला सांगितलं नाही. वीस वर्षं आपण दोघं एकमेकांच्या नावाने परस्पर सगळं ठरवत आलो आहोत.

माझं चुकलं ते चुकलंच. ते तुम्ही पदरात घेतल्याने माझं नव्हतं असं होत नाही.

सोकने टेबलावर कागद पसरला. दोन वर्षांचा नवा करार. शेजारी लाल शाईची डबी उघडून ठेवली. "वहिनी, इथे आणि खाली इथे. मागच्या करारावर मारला होतात तसाच." मागच्या करारावर मीच मारला होता, तेही खरं आहे. शिक्का माझ्या पिशवीत होता, कारण बोलावणं आलं की कागद असतोच. मी तो बाहेर काढला. शाईला लावला. माझा हात आता असाही थरथरतोच, त्यामुळे सोकला काही वेगळं वाटलं नसणार.

मला तुमची कंबर दिसली. गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरून दाखवला होता ना, कणा कुठे घासला आहे ते, तोच. बावन्नाव्या वर्षी आणखी दोन हिवाळे त्या पाण्यात, आणि तेही माझ्या हाताने.

मी शिक्का फडक्याने पुसला आणि म्हटलं, "हा माझा नाही. ज्याचा आहे त्याने मारावा."

सोक हसला. "अहो, त्यांनीच तर सांगितलं आहे. पत्र वाचलंत ना?"

"वाचलं. मग त्यांनी येऊन मारावा."

त्याला वाटलं मी घाबरले आहे. त्याने पुन्हा समजावलं: सगळ्यांच्या बायका मारतात, यात काही गैर नाही. मी म्हटलं, सगळ्यांच्या मारतात, म्हणूनच मी इथे बसले आहे. मग तो जरा चिडला. म्हणाला, कागद झाला नाही तर वीस डिसेंबरला करार संपेल, बदली माणूस मोंतेविदेओला पाठवावा लागेल, आणि पुढच्या हंगामात साहेबांना जागा मिळेलच असं नाही. मी म्हटलं, संपू दे. उभी राहिले आणि शिक्का पिशवीत टाकला. मिरानचे बाबा, मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि तोंडावर नाही म्हणून त्याच्यावर टिकले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते नेमकं तुम्हालाच म्हणावं लागलं.

आता पुढचं. मी विचार न करता नाही म्हटलेलं नाही. घरमालकाशी बोलले. भाड्याऐवजी आपण त्याच्याकडे जे एकरकमी डिपॉझिट ठेवलं आहे, ते घर सोडलं तर परत मिळेल, आणि कार्ड कंपनीचं सगळं त्यात फिटतं. तुमच्या हिश्श्याला मग धक्का लागत नाही, पण त्यात आधीची उधारी जाऊन फारसं काही उरणार नाही. गाळा होणार नाही. पाटी मनातल्या मनात लावली होती ती काढली. गोदीच्या मागे वरच्या मजल्यावर एक खोली बघितली आहे. स्वयंपाकाचा ओटा जिन्यात आहे, आणि दिवसभर हातोड्यांचा आवाज येतो. मला आता तो ऐकू येत नाही, तुम्हाला सवय होईल. इंजिन दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, रोजावर अनुभवी माणूस हवा आहे का. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मिरानला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला मे महिन्यापासून माहीत होतं," आणि कणीक मळल्यासारखे माझे हात चोळत बसली. ती हॉस्टेलवर राहील आणि शिकवण्या घेईल.

घर सोडायच्या कागदावरही तुमचाच शिक्का लागतो. तोही मी मारलेला नाही. तुम्हाला हे पटलं नाही आणि तुम्ही येऊन दुसरं काही ठरवलंत, वकीलबाईंकडे जाऊन 'मी नव्हतो' म्हणालात, तरी मी तुमच्या शेजारी बसेन आणि हो, उठवला तो मीच, असं सांगेन. थेसिकला कळवलं आहे की डिसेंबरनंतर दाजी इथे असतील, यायचं तर तुझ्या आवाजात बोलायला ये. येईल की नाही ते त्याच्यावर. कूसाहेबांनी कोर्टाचा हुकूम जानेवारीपर्यंत रोखून धरायचं कबूल केलं आहे. तेवढ्यासाठी लिहून दिलं ते मी माझ्या नावाने दिलं, माझ्या सहीने. लिहिताना नाव जरा आठवावं लागलं.

तुम्ही चिडाल, मला माहीत आहे. मी तुमचा शब्द मोडला, ऑफिसात तुमचं हसं केलं, दोन वर्षांचा पगार घालवला. चिडाच. पण तिकडून पत्रात चिडू नका, एक ओळ लिहायला तुम्हाला चार महिने लागतात. घरी या, माझ्यासमोर बसा, आणि मग काय चिडायचं ते चिडा.

दोकिम